आधी गुण, मग क्रमांक

इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा, म्हणजे तिथल्या वीस संघांच्या सर्वोच्च फुटबॉल स्पर्धेचा, नवा हंगाम जवळ आला की चाहते एक ते वीस अशी यादी तयार करतात आणि कोणता क्लब कितव्या स्थानी राहील हे ठामपणे सांगून मोकळे होतात. माझा या पद्धतीला मूलभूत आक्षेप आहे. क्लबच्या हातात असतात ते गुण. क्रमांक मात्र इतर एकोणीस संघांनी काय केले यावर ठरतो. प्रीमियर लीगच्या २०१८-१९ च्या हंगामात लिव्हरपूलने ९७ गुण मिळवले, ३८ सामन्यांत एकच पराभव पत्करला आणि तरीही तो संघ दुसरा आला. त्याआधी २०१५-१६ मध्ये लेस्टर सिटीला विजेतेपदासाठी ८१ गुण पुरले होते. आर्सेनल २०२३-२४ मध्ये ८९ गुणांसह दुसरा आला, तर पुढच्याच हंगामात लिव्हरपूल ८४ गुणांवर विजेता ठरला. म्हणून मी प्रत्येक क्लबसमोर आधी गुणांची एक कक्षा लिहितो, म्हणजे किमान इतके आणि कमाल तितके, आणि क्रमांकाचा विचार सर्वांत शेवटी करतो.

गुणतक्त्याच्या वरच्या भागात तर क्रमांक सांगणे ही बरीचशी दैवाची परीक्षा असते. २०२४-२५ मध्ये तिसऱ्या क्रमांकाच्या मँचेस्टर सिटीचे ७१ गुण होते आणि सातव्या क्रमांकाच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ६५. पाच संघ सहा गुणांच्या अंतरात उभे होते, म्हणजे दोन विजयांचा फरक. न्यूकॅसल आणि अ‍ॅस्टन व्हिला या दोघांचेही ६६ गुण झाले. गोलफरकामुळे, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले गोल या आकड्यामुळे, न्यूकॅसलला पाचवे स्थान आणि चॅम्पियन्स लीग ही युरोपातली सर्वोच्च क्लब स्पर्धा मिळाली, व्हिलाला सहावे स्थान आणि तिच्या खालची युरोपा लीग. ऑगस्टमध्ये बसून या दोघांतला फरक ओळखल्याचा दावा कोणी करत असेल, तर त्याला नमस्कार करून पुढे जावे.

कक्षा ठरवताना सुरुवात कुठून करायची, हा खरा प्रश्न आहे. बहुतेक जण मागच्या हंगामाच्या क्रमांकापासून करतात, मी गोलफरकापासून करतो. कारण सरळ आहे. एका गोलने जिंकलेल्या सामन्याचेही तीनच गुण मिळतात आणि चार गोलने जिंकलेल्याचेही तीनच. पण एका गोलचे विजय चेंडू खांबाला लागून आत गेला की बाहेर, अशा गोष्टींवर अवलंबून असतात आणि दरवर्षी त्याच संख्येने मिळत नाहीत. २०२२-२३ मध्ये मँचेस्टर युनायटेड ७५ गुणांसह तिसरा होता, परंतु त्याचा गोलफरक केवळ अधिक १५ होता. त्याच्याखालच्या न्यूकॅसलचे गुण ७१ आणि गोलफरक अधिक ३५. पुढच्या वर्षी युनायटेड ६० गुणांवर घसरला, आठवा आला आणि त्याचा गोलफरक चक्क उणे १ झाला. मोठे नाव आणि तिसरा क्रमांक पाहून त्याला विजेतेपदाच्या शर्यतीत धरणाऱ्यांनी गुणतक्त्यातला गोलफरकाचा हा एक रकाना वाचला असता, तर थोडी सावधगिरी नक्कीच बाळगली असती.

हाच नियम खालच्या बाजूलाही लागू पडतो आणि तिथे तो अधिक उपयोगी ठरतो, कारण तिकडे फारसे कोणी पाहत नाही. ब्रायटन २०२०-२१ मध्ये ४१ गुणांसह सोळावा होता आणि शेवटचे तीन संघ खालच्या श्रेणीत जातात त्यातून जेमतेम वाचलेला संघ म्हणून त्याची गणना होत होती. त्याचा गोलफरक मात्र उणे ६ होता, तर त्याच्या वर असलेल्या साउदॅम्प्टनचा उणे २१ आणि क्रिस्टल पॅलेसचा उणे २५. पुढच्या हंगामात ब्रायटनने ५१ गुण मिळवून नववे स्थान गाठले. संधींच्या दर्जावरून मोजले जाणारे ‘अपेक्षित गोल’ हे परिमाण याहून बारीक चित्र दाखवते आणि आकडे हाताशी असतील तर ते अवश्य पाहावे. पण ज्याच्याजवळ फक्त जुना गुणतक्ता आहे त्याचेही गोलफरकावर बरेचसे काम भागते.

मात्र गोलफरक हा आरंभबिंदू आहे, निकाल नव्हे. वर ज्याचे कौतुक केले तो न्यूकॅसलही २०२३-२४ मध्ये ६० गुणांवरच थांबला आणि सातवा आला. त्या वर्षी तो चॅम्पियन्स लीग खेळत होता, दुखापतींनी संघ पोखरला होता आणि सट्टेबाजीच्या प्रकरणात मधल्या फळीतल्या सँड्रो टोनालीवर ऑक्टोबरमध्ये दहा महिन्यांची बंदी आली होती. आठवड्यात दोन सामने खेळण्याचा भार ज्या क्लबला नव्याने उचलायचा आहे, त्याच्या कक्षेतून मी काही गुण कमी करतो आणि ज्याच्यावरून तो भार उतरला आहे त्याला काही देतो. चेल्सी २०१५-१६ मध्ये दहावा आला, त्यामुळे पुढच्या वर्षी युरोपीय स्पर्धांबाहेर राहिला. नवे प्रशिक्षक अँटोनियो कॉन्टे यांना सामन्यांमधले पूर्ण आठवडे सरावाला मिळाले, तीन बचावपटूंची रचना पक्की बसली आणि त्याच चेल्सीने ९३ गुणांसह विजेतेपद मिळवले. अर्थात मधल्या फळीतला एन्गोलो कांटेही त्याच उन्हाळ्यात लेस्टरहून तिकडे गेला होता, हे विसरून चालणार नाही.

उन्हाळ्यातल्या खरेदीबद्दल मी जाणूनबुजून कंजूष आहे. २०२२-२३ मध्ये चेल्सीने खेळाडूंवर पन्नास कोटी पौंडांहून अधिक खर्च केला आणि तो ४४ गुणांसह बारावा आला. उलट २०२४ च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलने त्या हंगामाकरिता फेडेरिको किएझाखेरीज कोणीही आणले नाही, आर्ने स्लॉट या नव्या प्रशिक्षकाच्या हाती जवळजवळ जुनाच संघ दिला आणि तो विजेता ठरला. कोण आला यापेक्षा कोण गेला आणि कोणावाचून संघाचे गाडे अडते, हे मी आधी पाहतो. लागोपाठ चार विजेतेपदे मिळवलेल्या मँचेस्टर सिटीचा मधल्या फळीतला रॉड्री सप्टेंबर २०२४ मध्ये गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला आणि आदल्या हंगामात ९१ गुण मिळवणारा तो संघ ७१ वर आला. एवढी घसरण एकट्या रॉड्रीमुळे झाली असे मी म्हणणार नाही. पण त्याची जागा घेऊ शकेल असा दुसरा खेळाडू संघात नाही, हे हंगामापूर्वीही दिसत होते. अशा संघाची कक्षा मी खालच्या बाजूला रुंद ठेवतो.

या सगळ्या हिशेबात लेस्टरचे विजेतेपद बसते का? बसत नाही. सट्टेबाजांनी त्याला पाच हजारास एक असा भाव दिला होता. आदल्या हंगामात त्या संघाने शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून स्वतःला वाचवले होते, ही खूण कोणालाही दिसण्यासारखी होती आणि तिच्या आधारे ५० गुणांपर्यंतचे भाकीत करता आले असते. ८१ पर्यंत पोहोचणारी कक्षा मात्र वीसही संघांना द्यावी लागेल आणि मग भाकिताला काही अर्थच उरणार नाही.

राहता राहिले खालच्या श्रेणीतून नव्याने वर आलेले तीन संघ. २०२२-२३ मध्ये तिघेही टिकले, तर २०२३-२४ आणि २०२४-२५ या लागोपाठच्या हंगामांत तिघेही परत खाली गेले. साउदॅम्प्टनला तर अवघे १२ गुण मिळाले. त्यामुळे या संघांची कक्षा मी सर्वांत रुंद ठेवतो. वाचण्यासाठी ४० गुण लागतात, ही जुनी समजूत मात्र आता बाजूला ठेवावी. २००२-०३ मध्ये वेस्ट हॅम ४२ गुण मिळवूनही खाली गेला होता हे खरे. पण २०२३-२४ मध्ये अठराव्या स्थानावरच्या लूटनचे २६ गुण होते आणि पुढच्या वर्षी त्याच स्थानावरच्या लेस्टरचे २५. शिवाय आर्थिक नियम मोडल्याबद्दल होणारी गुणकपात वेगळी धरावी लागते. २०२३-२४ मध्ये एव्हर्टनचे एकूण आठ आणि फॉरेस्टचे चार गुण कापले गेले. एव्हर्टनच्या नावावर शेवटी ४० गुण दिसले, तरी मैदानात त्याने ४८ मिळवले होते आणि पुढच्या हंगामाची त्याची कक्षा त्या ४८ वरूनच आखायला हवी होती.