श्रेयनामावलीपाशी अडलेला तास

पार्श्वसंगीताचं संपादन शिकवताना एक तास मी आवाज बंद ठेवून घेते. दृश्य आधी मुकं दाखवायचं, मग तेच संगीतासह. या खेपेला निवडला होता 'बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज'मधला 'ऑन लेदर विंग्ज'. १९९२ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या मालिकेचा सर्वात आधी तयार झालेला भाग हाच. शेवटाकडे वटवाघूळ झालेला माणूस बॅटमॅनला दोराच्या टोकाशी लटकवून बॅटमॅनच्या गॉथम शहराच्या आभाळातून फरफटत नेतो. संवाद जवळजवळ नाहीतच.

मुकं दृश्य पाहून मुलं म्हणाली, चित्रं देखणी आहेत, पण धाकधूक काही झाली नाही. मग आवाज सुरू केला. ब्रास वाद्यांचा जड घोष, त्याखाली धावणारी व्हायोलिनं, आणि बॅटमॅन इमारतीला घासून जातो तिथे नेमका बसणारा ठोका. वर्गात चुळबुळ थांबली. दृश्य संपताच कुणीतरी विचारलं, "हे एल्फमनचंच ना?"

शीर्षकसंगीत डॅनी एल्फमन यांचं, हे खरं. पण आत्ता अंगावर आलं ते शर्ली वॉकर यांचं. मालिकेच्या संगीताची धुरा त्यांच्याकडे होती. टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये साठवलेले तुकडे पुन्हा पुन्हा डकवायची पद्धत जुनीच. इथे मात्र भागागणिक नवं संगीत लिहिलं जाई आणि खराखुरा वाद्यवृंद ते वाजवी. हाताखालच्या संगीतकारांना त्यांनी घडवलं, लोलिता रिटमॅनिस त्यांतल्याच. याच मालिकेवरून निघालेल्या १९९३च्या 'मास्क ऑफ द फँटॅझम' या चित्रपटात सुरुवातीला जो गंभीर समूहस्वर ऐकू येतो, त्याचे शब्द लॅटिन वाटतात. ती आहेत पडद्यामागच्या लोकांची नावं, उलटी करून गायलेली! मला ही गोष्ट फार आवडते.

एवढ्यात एक मुलगी उठली. ती हार्ली क्विनची, म्हणजे मालिकेतल्या जोकर या खलनायकाच्या साथीदारणीची, पोशाखासकट वेशभूषा करते, चाहत्यांच्या संमेलनांना जाते. "मॅडम, मग हार्लीचंही सांगा ना." मी म्हटलं, तूच सांग.

आणि तिने सांगितलं. हार्ली मुळात एका भागापुरती आणलेली. लेखक पॉल डिनी यांना ती सुचली त्यांची मैत्रीण, अभिनेत्री आर्लीन सॉर्किन यांना एका मालिकेत विदूषकाच्या वेशात पाहून. मग आवाजही सॉर्किन यांनीच दिला. आवाज देणाऱ्या कलाकारांचं दिग्दर्शन करायच्या अँड्रिया रोमानो. शक्य तेव्हा त्या कलाकारांना एकाच खोलीत समोरासमोर बसवून रेकॉर्डिंग करत. म्हणून जोकर आणि हार्लीच्या बोलण्यात एकमेकांचा श्वास ऐकू येतो.

मग ती पोशाखाकडे वळली आणि मी खडू तिच्या हाती दिला. फळ्यावर तिने उभी रेघ ओढून पोशाख दोन भागांत वाटला: एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला काळा, आणि बाही-पायजम्यात रंगांची अदलाबदल. कापड बेतताना डावं-उजवं उलटं झालं तर सगळा पोशाख उसवावा लागतो. टोपीची दोन शिंगं ताठ न राहता लवून कशी झुलवायची, हे तिला एका वयाने मोठ्या चाहतीने शिकवलं होतं. हार्ली आणि मालिकेतली दुसरी खलनायिका पॉयझन आयव्ही यांची मैत्री १९९३च्या 'हार्ली अँड आयव्ही' या भागात दिसली; मग किती स्त्रियांनी त्यावर कथा लिहिल्या, चित्रं काढली. पुढे कॉमिक्समध्ये त्यांचं प्रेमाचं नातं उघडपणे आलं. मला वाटतं, या चाहत्या स्त्रियांनी हे नातं जिवंत ठेवलं नसतं, तर ते तिथवर पोचलंच नसतं.

तासाचं नियोजन केव्हाच बाजूला पडलं होतं. आम्ही श्रेयनामावली लावली आणि थांबत थांबत वाचली. निर्मात्यांमध्ये जीन मॅककर्डी यांचं नाव आलं तेव्हा आणखी एक हात वर झाला, "या कोण?" ही मालिका काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्सच्या ॲनिमेशन विभागाची सूत्रं त्यांच्या हाती होती, हे कुणालाच माहीत नव्हतं.

वॉकर २००६ साली गेल्या, सॉर्किन २०२३ साली. वॉकर यांच्या नावाने संगीतकारांची संघटना ॲस्कॅप २०१४पासून पुरस्कार देते, हे सांगितल्यावर त्या मुलीने वहीत नोंद केली. तिच्या गटाचा संमेलनातला प्रवेश एका गाण्यावर बसवला होता. तिने विचारलं, त्याऐवजी वॉकर यांचं संगीत घेतलं तर कुठून कापावं? आम्ही दोघी संपादनाच्या मशीनवर बसलो, आणि उरलेला वर्ग खुर्च्या ओढत मागे येऊन उभा राहिला.