कारण : एलआरटीआय

आमच्या औषधपत्रकावर अँटिबायोटिकच्या नावाशेजारी एक छोटा रकाना आहे : 'कारण'. सकाळी राउंडच्या आधी वॉर्डात पोचले की मी पहिल्यांदा तोच बघते. क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणून नऊ वर्षांत जडलेली सवय. बरेचदा तो कोराच असतो. भरलेला असला, तर 'एलआरटीआय' एवढंच. खालच्या श्वसनमार्गाचा संसर्ग.

मला ही अक्षरं खुपतात. त्या एका पोत्यात न्यूमोनिया मावतो, विषाणूमुळे झालेला ब्राँकायटिस मावतो, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार) उसळलेला रुग्ण मावतो आणि हृदय थकल्याने फुप्फुसात पाणी साठलेला माणूसही. इंजेक्शन मात्र सगळ्यांना तेच : सेफ्ट्रिॲक्सोन, जोडीला ॲझिथ्रोमायसिन. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या वर्गवारीत दोन्ही 'वॉच' गटात आहेत, म्हणजे हात राखून वापरायची.

चौदा नंबरच्या आजी या पोत्यातच होत्या. दम लागत होता, एक्स-रेत दोन्ही बाजूंना खाली धूसर दिसत होतं. ताप एकदाही नव्हता, पांढऱ्या पेशी नॉर्मल. तिसऱ्या दिवशी दम कमी होईना, म्हणून औषध बदलून पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम हे आणखी जोरकस अँटिबायोटिक सुरू झालं. पायांवरची सूज सिस्टरांनी पहिल्याच रात्री लिहून ठेवली होती. ती नोंद मी वाचली पाचव्या दिवशी. त्याच दुपारी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला, दुखणं हृदयाचं निघालं, लघवी वाढवणारं औषध सुरू झालं आणि दोन दिवसांत आजी उशीला टेकून झोपू लागल्या. पण तोवर जुलाब लागले होते. तपासणीत क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल निघाला, अँटिबायोटिकनंतर आतड्यात फोफावणारा जिवाणू. आणखी अकरा दिवस त्या खाटेवर. तिसऱ्या दिवशी मीही त्यांचं पत्रक पाहिलं होतं, फक्त डोस बरोबर आहे ना एवढंच तपासलं होतं. ते मला अजून सलतं.

सुरुवात करण्याबद्दल माझी तक्रार नाही. रात्री दोनला धापा टाकणारा रुग्ण समोर असताना निवासी डॉक्टर कल्चरसाठी, म्हणजे जिवाणू शोधणाऱ्या तपासणीसाठी, थांबू शकत नाही, आणि खऱ्या न्यूमोनियात उशीर महागात पडतो. चूक होते ती नंतर. ४८ ते ७२ तासांनी तापाचा आलेख असतो, कल्चर हाती येत असतं. बंद करायचं, साध्या औषधावर यायचं की गोळी द्यायची, हे तेव्हा ठरायला हवं. ठरत नाही, कारण चालू ठेवलं तर कुणी जाब विचारत नाही. बंद करून बिघडलं तर सगळे विचारतात. ही भीती खरी आहे, तरुण डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मी ती रोज बघते.

कोविडमध्ये हेच जगभर झालं. रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी जेमतेम ८ टक्क्यांना जिवाणूंचा संसर्ग होता, अँटिबायोटिक मिळालं सुमारे ७५ टक्क्यांना. हे आकडे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये दिले.

आता तिसऱ्या दिवसाचं पत्रक घेऊन मी डॉक्टरांशेजारी बसते आणि एकच विचारते, "आज पहिल्यांदा बघत असतो, तर हे सुरू केलं असतं का?" कधी उत्तर 'हो' येतं, आणि ते बरोबरही असतं.

गेल्या आठवड्यात एका नव्या निवासी डॉक्टरने त्या रकान्यात लिहिलं होतं : 'न्यूमोनिया, उजवा खालचा भाग, कर्ब-६५ दोन, तिसऱ्या दिवशी पुन्हा बघणे.' (कर्ब-६५ म्हणजे न्यूमोनिया किती गंभीर ते मोजणारे गुण.) मी ती नोंद दोनदा वाचली. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच पत्रक घेऊन आला, आणि दुपारपासून त्या काकांना इंजेक्शनऐवजी ॲमॉक्सिसिलिनची गोळी सुरू झाली. पाचव्या दिवशी तीही थांबली.