उशीला डोकं टेकलं की

परवा दुपारी लेकीने मागवलेली उशी आली. एप्रिल संपत आलेला, पारा त्रेचाळीसच्या पुढे, आणि पार्सलवाला पोरगा घामाने निथळत दारात उभा. त्याला तांब्याभर पाणी दिलं (नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात तांब्याभर म्हणजे किती, हे सोलापूरकरांना सांगायला नको) आणि पुडकं उघडलं. आत हवा काढून घेतलेली उशी, कडक भाकरीसारखी चपटी. पिशवीला कात्री लावली तशी सावकाश फुगत गेली. सोबत एक चिठ्ठी होती. शंभर रात्री झोपून बघा, नाही पटली तर पैसे परत.

उशी परत घेतील हो, पण त्या शंभर रात्री?

मला झोप येत नाही ही आमच्या घरातली शिळी बातमी आहे. दोन उश्या नको, एक नको, दीड पाहिजे. कूस बदलायची, उशी उलटी करून गार बाजू गालाखाली घ्यायची, ती बाजू तापली की पुन्हा उलटी. मध्येच आठवतं, गॅस बंद केला का? उठून बघायचं. बंदच असतो. तो बंदच असतो हे माहीत असूनही उठायचं, यातच माझ्या स्वभावाची सगळी कुंडली आली. मग मोबाइल. मग दोन वाजतात.

खरं म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राला पांघरूण घालणारं हे आमचं गाव. लग्नाच्या आहेरात, एसटीच्या रात्रीच्या प्रवासात, वसतिगृहाच्या ट्रंकेत सोलापुरी चादर निघायचीच. तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण सोलापुरी उशी असं कधी कुणी म्हटलेलं ऐकलंय? नाव झालं ते चादरीचं. उशी आपली ज्याने त्याने घरात हाताला लागेल त्याची भरली.

आजीची उशी गिरणीतल्या टाकाऊ सुताने भरलेली होती. आजोबा आणि नंतर बाबा, दोघंही गिरणीत. मागावरून निघणारे गुंते, तुटके दोरे पिशवीत घालून घरी यायचे आणि आई ते जुन्या लुगड्याच्या अभ्र्यात ठासून शिवायची. ती उशी इतकी घट्ट होती की भांडणात आम्ही पोरं ती एकमेकांना मारायला घाबरायचो. मधोमध एक खळगा पडलेला, आजीच्या डोक्याच्या मापाचा. आम्ही कुणी तिच्यावर डोकं टेकलं तर मान वाकडी व्हायची. आजी मात्र तिच्यावर डोकं टेकलं की संपलीच. अतिशयोक्ती नाही. आई म्हणायची, सासूबाईंचं "आमेन" आणि घोरणं यांच्यात मला श्वासही घ्यायला मिळत नाही.

झोपण्याआधीचा क्रम ठरलेला. शहाबादी फरशीवर गोधडी, तिच्यावर चादर, मग चष्म्याची दोरी कानामागे अडकवून ठळक टायपातलं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मांडीवर. बोट ओळीवरून सरकत जायचं, ओठ हलायचे, आवाज नाही. पान संपलं की ती बोटाला थुंकी लावायची आणि लगेच पदराने पान पुसायची, प्रभूची माफी मागितल्याच्या चेहऱ्याने. तिचं लाडकं तिसरं स्तोत्र. दावीद आपल्या पोरापासून, अबशालोमापासून, पळून गेला तेव्हाचं हे स्तोत्र असं वरच लिहिलेलं आहे. राज्य गेलं, पोटचा मुलगा जिवावर उठला, आणि पाचव्या ओवीत हा राजा म्हणतो, मी अंग टाकलं, झोपलो, सकाळी जागा झालो, कारण परमेश्वराचा आधार आहे. आजीला यातला परमेश्वर तर पटायचाच, पण दावीदाचं जास्त कौतुक. "पोरगं मारायला निघालंय आन् हा झोपलाय बघ," असं ती शेजारच्या जाणत्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायची.

नव्वदीच्या दशकात गिरणी बंद पडली. सोलापुरात त्या काळी हे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. भोंगा थांबला म्हणजे घड्याळही गेलं. बायका भोंग्यावर भात चढवायच्या, पोरं भोंग्यावर शाळेला निघायची. त्या रात्री बाबा अंगणात येरझाऱ्या घालत होते. आई चुलीपाशी बसून राहिली होती, चूल विझलेली. गल्लीत बाकीच्या घरांतूनही दिवे, कुजबुज. आणि आमच्या घरात, या सगळ्याच्या मध्यभागी, आजी घोरत होती. चांगलं खणखणीत. बाबा एकदा आत आले, तिच्याकडे बघत उभे राहिले आणि आईला म्हणाले, "हिला काही वाटतं का गं?"

मलाही तेव्हा राग आला होता. थोडा अजूनही येतो. घरातलं एक माणूस जागं असताना दुसऱ्याने घोरणं यात काहीतरी असभ्य आहे, असं माझं ठाम मत आहे. मग त्या घोरण्यामागे कितीही मोठा विश्वास का असेना.

सकाळी आजी उठली, तोंड धुतलं, चहा घेतला आणि लाल डोळ्यांच्या बाबांना विचारलं, "काय रे, रात्रभर जागून गिरणी चालू झाली का?"

बाबा काही बोलले नाहीत. आजीच पुढे म्हणाली, "रात्रपाळी त्याची हाय. दिवसपाळी आपली. त्याच्या पाळीत आपण कशाला मध्ये जायचं?"

गिरणीवाल्याच्या बायकोला आणि गिरणीवाल्याच्या आईलाच हे सुचणार. एकशे एकविसाव्या स्तोत्रात इस्राएलाचा रक्षक झोपत नाही, डुलकीही घेत नाही असं आहे. आजीने त्याला सरळ पाळीवर लावलं. बरं, हे बोलून ती पाटावर जपमाळ ओढत बसली असती तर आईने तिला सोडलं नसतं (आम्ही प्रोटेस्टंट, आमच्यात माळ नाही, पण आईला चिडताना असले तपशील चालायचे). आजी उठली आणि शेंगा भाजायला घेतल्या. त्या आठवड्यापासून आमच्याकडे शेंगाची चटणी विकायला सुरू झाली. पहाटे चारला उखळाचा आवाज. शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरं, आणि तेल सुटेपर्यंत मुसळ. तेल सुटलं की चटणीचा रंग एकदम गडद होतो आणि मुसळाचा आवाज बदलतो, कोरडा होता तो ओला होतो. अंथरुणात पडल्या पडल्या मला तो बदल कळायचा. मिक्सरवर केलेल्या चटणीला मी आजही चटणी म्हणत नाही.

आईचा एक वाद मात्र शेवटपर्यंत मिटला नाही. पहाटे उठणं, रात्री उशिरा पाठ टेकणं, कष्टाची भाकर खाणं हे व्यर्थ आहे, परमेश्वर आपल्या माणसांना झोपेतही देतो, असं एकशे सत्ताविसावं स्तोत्र म्हणतं. मग चार वाजता उठून कुटायचं कशाला? आजी म्हणायची, गिऱ्हाईक सातला येतंय. ईश्वरविज्ञानाचे पुष्कळ प्रश्न आमच्या घरी याच पद्धतीने सुटले.

शास्त्रात उशीचा उल्लेख फारसा नाही. एक मात्र आहे, आणि तो मोठा गोड आहे. गालील समुद्रावर वादळ उठलं, लाटा नावेत यायला लागल्या आणि येशू झोपला होता, ही गोष्ट मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे, लूकमध्ये आहे, मार्कातही आहे. पण तो उशीवर डोकं ठेवून झोपला होता हे फक्त मार्क सांगतो. सांगण्याची काही गरज नव्हती. वादळ शमवायला उशी लागत नाही. तरी मार्काने ती ठेवली, आणि आमच्या पाळकसाहेबांनी एकदा त्या एवढ्याशा उशीवर पाऊण तास उपदेश केला. त्या उपदेशात बरेच जण झोपले. विषयाला धरूनच झालं म्हणायचं.

लहानपणी मला हे वादळ कंबर तलावात दिसायचं. दुसरं मोठं पाणी पाहिलंच नव्हतं. सिद्धेश्वरचा तलावही चालला असता, पण त्याच्या मधोमध देऊळ, आणि तिथे येशूची नाव घालायला मला उगाच संकोच वाटायचा. (आजीला असले संकोच नव्हते. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत जायचं, पाळणे बघायचे आणि भेळ खाऊन यायची.) गालीलला समुद्र म्हणतात खरं, पण आहे ते गोड्या पाण्याचं तळंच, एकवीसेक किलोमीटर लांब, समुद्रसपाटीच्या दोनशे मीटर खाली, भोवती डोंगर. डोंगरावरून गार वारा एकाएकी खाली उतरतो आणि बघता बघता पाणी उसळतं. म्हणजे नावेतले येशूचे शिष्य काही उगाच घाबरट नव्हते. त्यांच्यात चौघं तरी पट्टीचे कोळी होते, ते तळं त्यांच्या रोजच्या पोटापाण्याचं. पाणी कधी जिवावर येतं हे त्यांना कळत होतं. आणि झोपलेला कोण, तर सुतार.

मी कायम शिष्यांच्या बाजूने आहे. कुणीतरी नावेतलं पाणी उपसत होतं, कुणी वल्ही धरून होतं, आणि त्यांनी त्याला उठवून विचारलं, आम्ही बुडतोय, तुम्हाला काही वाटत नाही का? मी पहिल्यांदा हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं तेव्हा बाबांचा आवाज ऐकू आला. हिला काही वाटतं का गं.

तर असं सगळं माहीत असून झोप येत नाही. मी उलटा हिशोबही करून बघितला. विश्वास असला की झोप लागते ना, मग जिला झोप लागत नाही तिचा विश्वास किती? रात्री दोन वाजता असले हिशोब फार चोख होतात. सकाळी चहा घेताना त्यात काही अर्थ वाटत नाही. उपासनेला मी नियमाने जाते, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" हे मनापासून म्हणते, आणि घरी येऊन पिंपात पाणी किती उरलं ते बघते.

आजीला पंडिता रमाबाईंचा हेवा वाटायचा. विद्वत्तेचा नव्हे, मरणाचा. रेल्वेने पुण्याला जाताना केडगाव आलं की ती खिडकीतून बोट दाखवायची. इथं मुक्ती मिशन, दुष्काळातल्या पोरी बाईंनी इथं सांभाळल्या, इथं बसून हिब्रू-ग्रीकमधून आख्खं शास्त्र साध्या मराठीत आणलं. आणि मग खरा मुद्दा: "काम उरकलं आन् झोपेत गेल्या." ५ एप्रिल १९२२. ही तारीख आजीला पाठ होती, स्वतःची जन्मतारीख नव्हती. झोपेत जाणं हा तिच्या लेखी देवाने दिलेला सर्वांत मोठा बोनस.

तिला तो मिळाला नाही. शेवटच्या आजारात दम लागायचा, आडवं होताच यायचं नाही. पाठीशी तीन उश्या रचून ती रात्र रात्र बसून राहायची, डोळे टक्क उघडे. आयुष्यभर जिने झोपेची कधी फिकीर केली नाही तिला दवाखान्यात झोप येईना. एका रात्री मी तिच्याजवळ होते. म्हटलं, आजी, तिसरं स्तोत्र वाचू? नको म्हणाली. तेविसावं? नको. मग म्हणाली, "बागेतलं वाच."

बागेतलं म्हणजे गेथशेमाने. धरून नेण्याआधीची रात्र. वादळात झोपलेला तो इथे जागा आहे, घाबराघुबरा झालाय, हा प्याला टळू दे म्हणून भुईवर पडून विनवतोय. आणि नावेत ज्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता ते शिष्य इथे ढाराढूर. जागे राहा एवढंच त्याने त्यांना सांगितलं होतं. तेवढंही जमलं नाही. त्यांचे डोळे जड झाले होते, असं शास्त्र त्यांची बाजू घेतल्यासारखं सांगतं.

मी वाचत होते. आजी दमाच्या मधून मधून मान हलवत होती. तिने तो उतारा का मागितला, मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. इतकी वर्षं रात्रपाळी त्याच्यावर सोपवून ती निवांत होती. आज तिलाही पाळी लागली होती, आणि आधीपासून जागा असलेला कुणीतरी सोबत हवा होता, असं मला आपलं वाटतं.

शिष्य दुसऱ्यांदा झोपतात तिथपर्यंत आले तेव्हा आजी म्हणाली, "बास कर. तू बी झोपणारच हायेस. झोप."

त्या लोखंडी स्टुलावर, भिंतीला डोकं टेकून, उशी नाही, पंखा नाही, मला झोप लागली. पहाटे नर्सबाईंनी खांदा हलवून उठवलं तेव्हा आजी जागीच होती, आणि नात किती जोरात घोरते ते शेजारच्या खाटेवरच्या बाईंना नक्कल करून दाखवत होती.