पहिलं घर घेताय? मग टॅक्स बेनिफिटचा आकडा आधी तपासून घ्या

मोशी, रावेत, तिकडे बदलापूर, टिटवाळा, कुठेही सॅम्पल फ्लॅट बघायला जा, कॉस्ट शीट हातात देताना सेल्सवाला एक गोष्ट सांगणारच की सर पहिलं घर आहे ना, मग वर्षाला साडेतीन लाखाच्या व्याजावर टॅक्स बेनिफिट मिळतो. माझ्या मावसभावाला पण हेच सांगितलं होतं आणि त्याने त्या भरवशावर ईएमआयचं गणित बसवलं होतं. आम्ही दोघं बसून सगळं परत मांडलं आणि खरं सांगतो, आज टोकन देणाऱ्या माणसाला यातलं जवळजवळ काहीच मिळत नाही, म्हणून हे लिहितोय.

साडेतीन लाख येतात कुठून ते आधी बघू. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २४ मध्ये राहत्या घराच्या होम लोनच्या व्याजाची २ लाखांपर्यंत वजावट, म्हणजे तेवढी रक्कम करपात्र उत्पन्नातून कमी होते, आणि कलम ८० ईईए मध्ये पहिल्या घरासाठी वरून दीड लाख. पण ८० ईईए ला अट अशी की लोन १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ या काळात सँक्शन झालेलं हवं, घराची स्टॅम्प ड्युटी व्हॅल्यू (स्टॅम्प ड्युटीसाठी सरकार धरतं ती किंमत) ४५ लाखांच्या आत हवी आणि सँक्शनच्या दिवशी तुमच्या नावावर दुसरं घर नको. म्हणजे ती खिडकी कधीच बंद झाली. आपल्याकडे पहिल्या घराची सवलत कायम अशीच आली आणि गेली, २०१३-१४ च्या लोनला एक लाख, मग मध्ये काही नाही, मग २०१६-१७ च्या लोनला ८० ईई खाली ५० हजार, परत काही नाही, मग २०१९ ला दीड लाख. दोन सख्खे भाऊ, पगार सारखा, एकाने २०२२ च्या मार्चमध्ये लोन घेतलं आणि दुसऱ्याने एप्रिलमध्ये, तर एकाला लोन फिटेपर्यंत सवलत आणि दुसऱ्याला शून्य. हे मला अजिबात पटत नाही. माणूस घर घेतो ते लग्न ठरलं, मूल झालं, घरमालकाने खाली करायला सांगितलं म्हणून, बजेटची तारीख बघून नाही.

राहिले ते कलम २४ चे २ लाख. तर आता नवीन कर प्रणाली (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) डिफॉल्ट आहे, म्हणजे तुम्ही जुनी निवडली नाही तर हीच लागते, आणि तिच्यात राहत्या घराच्या व्याजाची वजावटच नाहीये. मग जुनी निवडू म्हणाल तर आकडे बघा. समजा पगार १६ लाख, लोन ४० लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं. ईएमआय साधारण ३४,७०० आणि पहिल्या वर्षीचं व्याज जवळपास ३ लाख ३७ हजार. जुन्या प्रणालीत ५० हजार स्टँडर्ड डिडक्शन, व्याजाचे २ लाख, पीएफ आणि लोनची मुद्दल मिळून कलम ८० सी च्या बचतीच्या वजावटीचे दीड लाख काढले तर करपात्र उत्पन्न १२ लाख आणि सेससकट टॅक्स १,७९,४००. नवीन प्रणालीत फक्त ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन, बाकी काही न दाखवता २०२५-२६ च्या स्लॅबने टॅक्स १,१३,१००. म्हणजे घर घेऊनसुद्धा नवीनच स्वस्त पडते, आणि ती घेतली की घराचा टॅक्सशी संबंधच संपला. पगार पावणेतेरा लाखांच्या आत असेल तर नवीन प्रणालीत टॅक्सच लागत नाही, तिथे विषयच नाही.

ज्यांना ८० ईईए लागू आहे त्यांनी पण एकदा हिशोब करा. वरच्याच उदाहरणात २ लाख सोडून उरलेलं व्याज, म्हणजे १ लाख ३७ हजार, वजा केलं तरी जुन्यात टॅक्स १,३६,६५६ येतो, त्यात मेडिक्लेमचे २५ हजार आणि एनपीएस या पेन्शन योजनेचे ५० हजार धरले तर कुठे दोन्ही जवळपास सारखे होतात. नोकरदाराला रिटर्न भरताना दरवर्षी प्रणाली बदलता येते, फक्त मुदतीच्या आत भरा आणि बँकेचं इंटरेस्ट सर्टिफिकेट आणि सँक्शन लेटर जपून ठेवा.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. नवीन प्रणालीत घर भाड्याने दिलं तर त्या भाड्यातून व्याज वजा करता येतं, तोटा पगारातून वळता करता येत नाही एवढंच. म्हणजे दुसरा तिसरा फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याला थोडीफार वजावट आहे आणि पहिल्याच घरात स्वतः राहणाऱ्याला काही नाही. स्लॅब कमी केले म्हणून वजावटी काढल्या हे समजू शकतो, पण मग पहिल्या राहत्या घरापुरती एक कायमची वजावट नवीन प्रणालीत ठेवायला हवी, तारखेच्या खिडकीशिवाय. आणि ते ४५ लाख पण बदलायला हवेत. २०१९ पासून तोच आकडा जीएसटीला पण आहे, बांधकाम चालू असलेलं घर ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट एरिया (घराच्या आतली जागा) मुंबई महानगर भागात ६० चौरस मीटर, पुण्यासारख्या ठिकाणी ९० चौरस मीटरच्या आत असेल तर १ टक्का, नाहीतर ५. ४४ लाखांवर ४४ हजार आणि ४६ लाखांवर २ लाख ३० हजार. मुंबईत ४५ लाखात काय मिळतं हे सगळ्यांना माहितीये.

आता खरोखर हातात पडणारं काय ते सांगतो. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ९ लाखांच्या आत, घर ३५ लाखांपर्यंत, लोन २५ लाखांपर्यंत आणि देशात कुठेही पक्कं घर नसेल तर प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज सबसिडी आहे, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. लोन १ सप्टेंबर २०२४ नंतरचं हवं. गावाकडचं घर तुमच्या किंवा बायकोच्या नावावर असेल तर ते पण मोजतात, अर्ज करायच्या आधी सातबारा आणि ग्रामपंचायतीचा उतारा बघून घ्या.

दुसरं म्हणजे महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट आहे, १ एप्रिल २०२१ पासून. नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली. पूर्वी लोक म्हणायचे की नवरा ईएमआय भरणार तर त्याचं नाव मालक म्हणून हवंच, नाहीतर त्याला व्याजाची वजावट मिळत नाही. पण नवीन प्रणालीत ती वजावट कोणालाच नाही, मग ते कारणच उरत नाही. मावसभावाच्या फ्लॅटवर यात साधारण ४५ हजार वाचतायत, वहिनी आधी नको म्हणत होत्या पण आता ॲग्रीमेंट त्यांच्या एकटीच्या नावाने होतंय, भाऊ फक्त को-बॉरोअर, म्हणजे लोनमध्ये सहकर्जदार. बँकेला आधी विचारा मात्र, काही बँका को-ओनर असल्याशिवाय को-बॉरोअर घेताना खळखळ करतात.