कार्निव्हलचा मंगळवार

जर्मनीत आखेनला मास्टर्सला आलो तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवायच्या आणि दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, ११,२०८ युरो होते, म्हणजे महिन्याला ९३४. खोलीचं भाडं आणि हेल्थ इन्शुरन्स गेला की उरलेल्यात महिना ओढायचा. त्यामुळे सहामाही सुरू झाल्या झाल्या आम्ही सगळी देशी मंडळी नोकरीच्या मागे लागलो. स्टुडंट व्हिसावर तेव्हा वर्षाला १२० पूर्ण किंवा २४० अर्धे दिवस काम करता यायचं. मला एका सुपरमार्केटमध्ये मिनीजॉब, म्हणजे कमाईची मर्यादा असलेली छोटी नोकरी, मिळाला. ताशी १२.४१ युरो आणि महिन्याला जास्तीत जास्त ५३८, म्हणजे हिशेबाने त्रेचाळीसेक तास. घरी सांगितलं, ‘सुपरमार्केटला आहे.’ आईला वाटलं, कॅशवर बसतो.

मी असायचो मागच्या बाजूला, रिकाम्या बाटल्यांच्या मशीनपाशी.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची प्लॅस्टिक बाटली किंवा कॅन घेतला की २५ सेंट डिपॉझिट आधीच कापून घेतात. त्याला प्फांड म्हणतात. बिअरच्या साध्या काचेच्या बाटलीला ८ सेंट. रिकामी बाटली मशीनमध्ये टाकायची, आत ती गोल फिरते, बारकोड आणि प्फांडची खूण वाचली जाते, मग प्लॅस्टिक आणि कॅन चेपून खालच्या पेटीत पडतात आणि काचेच्या बाटल्या पट्ट्यावरून मागे येतात. शेवटी बटण दाबलं की चिठ्ठी निघते, ती काउंटरवर दिली की पैसे. वाइनच्या आणि दारूच्या बाटलीला प्फांड नाही, तरी लोक त्या आणतात आणि मशीनने नाकारल्या की तिथेच जमिनीवर ठेवून जातात. मशीनच्या मागे कोण असतं, याचा विचार कुणी करत नाही. मीही यापूर्वी केला नव्हता.

१३ फेब्रुवारी २०२४, मंगळवार. आदल्या दिवशी रोझेनमोंटाग, म्हणजे इथल्या कार्निव्हलचा मुख्य दिवस. गुरुवारपासून शहर रस्त्यावर होतं. एरवी सिग्नल लाल असला तर रिकाम्या रस्त्यावरही थांबणारी माणसं मधमाशीचे पंख लावून, समुद्री चाचे होऊन ‘ओखे आलाफ’ ओरडत होती आणि मिरवणुकीच्या गाड्यांवरून चॉकलेटं-गोळ्या उधळत होती. पाच दिवस शहर जे प्यायलं, त्याच्या बाटल्या मंगळवारी आमच्या दारात आल्या.

दुकान उघडताच रांग लागली आणि थोड्याच वेळात मशीनचा लाल दिवा लागला, पेटी भरली. मागचं दार उघडलं तर शिळ्या बिअरचा भपकारा, आणि त्याच्यावर आंबलेल्या दुधाचा. त्याच वर्षीच्या १ जानेवारीपासून दुधाच्या प्लॅस्टिक बाटल्यांनाही प्फांड लागू झालं होतं. बाटली विसळून आणा, असं कायदा कुठे सांगतो? पेटी ओढायची, नवी लावायची, आतला पट्टा पुसायचा. बाटल्यांबरोबर रंगीत कागदाचे कपटे आत जात होते आणि कॅमेऱ्याच्या काचेवर चिकटत होते. दोन दिवसांनी माझा ऑटोमेशनचा पेपर होता. त्यात ऑप्टिकल सेन्सरवर एक अख्खा भाग, आणि इथे मी सेन्सरवरचा कपटा नखाने खरवडत होतो.

रांगेत एक आजोबा होते, नेहमीचे. सायकलला दोन मोठ्या पिशव्या. लोक कचराकुंडीच्या बाजूला मुद्दाम ठेवून जातात त्या बाटल्या ते गोळा करतात. चेपलेला कॅन मशीन घेत नाही, म्हणून अंगठा आत घालून पोचा बाहेर काढतात, बारकोड सरळ करतात आणि मगच टाकतात. हॉलंडचे कॅन ते वेगळे ठेवतात. सीमा इथून बसने जवळच. हॉलंडमध्ये कॅनवर १५ सेंट डिपॉझिट आहे, पण ते तिथेच मिळतं. आमचं मशीन तो कॅन ओळखतच नाही. हे मला कुणी ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं, त्यांच्याकडे पाहून कळलं.

आणि ते लगेच कामाला आलं. एक गृहस्थ मोठी पिशवी भरून कॅन घेऊन आले. मशीन एकेक परत ढकलू लागलं. मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की हे डच कॅन आहेत, इथे चालणार नाहीत. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, इथल्या कुणाला तरी बोलवा. ‘इथल्या’वर जोर. आमच्या शिफ्टच्या बाई आल्या. साठीच्या, उंच, कायम त्रासलेल्या. त्यांनी कॅनकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, ‘त्याने तुम्हाला सांगितलं ना?’ आणि निघून गेल्या. माझी बाजू घेतली वगैरे काही नाही, ज्याचं काम त्याचा शब्द, एवढंच.

तासाभराने त्या परत आल्या आणि माझ्याकडून मशीनची किल्ली मागितली. मला वाटलं, झालं, तक्रार गेली. म्हणाल्या, ‘ब्रेक.’ मी रांगेकडे हात केला. वीसेक माणसं उभी होती, दिवा पुन्हा लाल. म्हटलं, एवढं संपवून जातो. म्हणाल्या, ‘सहा तासांवर शिफ्ट आहे, अर्धा तास ब्रेक घ्यावाच लागतो. तुझ्या मर्जीचा प्रश्न नाही.’ हातमोजे घातले आणि स्वतः त्या घाणीत वाकल्या.

मी चाकणला एका कंपनीत ट्रेनी होतो तेव्हा जेवणाच्या सुट्टीत डबा अर्धा ठेवून लाइनवर पळणं ही कौतुकाची गोष्ट होती. साहेब निघाल्याशिवाय आम्ही निघायचो नाही. इथे ब्रेक रूममध्ये बसून घड्याळाकडे बघत पोळीभाजी खाल्ली आणि मला चक्क अपराधी वाटत होतं. रांगेत कुणी आरडाओरडाही करत नव्हतं. कुरकुर होती, पण ती एकमेकांत.

परत गेलो तर बाईंनी किल्ली हातात दिली आणि म्हणाल्या, ‘बत्तीस मिनिटं.’

रात्री घरी फोन केला. कॅश काउंटरचा विषय एकदाचा मिटवून टाकला आणि सगळं सांगितलं. आई गप्प. वडिलांनी मात्र हिशेब विचारला, ‘पंचवीस सेंट म्हणजे किती रे?’

‘बावीस-तेवीस रुपये.’

‘एका रिकाम्या बाटलीला? मग आपला भंगारवाला आजवर लुटतोच आहे की आपल्याला.’

‘अहो बाबा, ते आपलेच पैसे असतात. आधी कापलेले परत देतात.’

‘हात्तिच्या,’ म्हणाले, ‘मग त्यात काय एवढं?’