अडीच इंच म्हणजे नक्की किती?

गेल्या उन्हाळ्यात पलूसच्या रानात पाईपलाईन बदलायची होती. अप्पांनी भावाला फोनवर सांगितलं, अडीच इंची पाईप घेऊन ये, सहा केजीचा, पंधरा लेंथ. भाऊ पुण्यात नोकरीला, सुट्टीवर आलेला. दुकानात गेला तर पाईपांवर सगळे आकडे मिलीमीटरमध्ये छापलेले, मग त्यानं मोबाईलवर हिशोब केला, अडीच इंच म्हणजे ६३.५, समोर ६३ चा पाईप होताच, टेम्पोत भरला आणि आला घेऊन. रानात जुन्या लाईनीला जोडायला गेले तर सॉकेटच बसेना.

"अरे ६३ म्हणजे दोन इंची की!"

"अप्पा, कुठल्या हिशोबानं?"

"हिशोब कशाचा त्यात, दोन इंचीच म्हणतात त्याला. अडीच म्हणजे ७५."

आणि दोघांचंही बरोबर होतं बघा. मिलीमीटर मोजतात ते पाईपच्या बाहेरून, आणि दोन इंची अडीच इंची ही नावं जुन्या पाईपांच्या आतल्या मापावरनं आलेली. पाईप बदलले, नावं तशीच राहिली. त्यात सहा केजी हे वजन नाहीच, तो दाब, एका चौरस सेंटिमीटरवर सहा किलो सोसेल असा पाईप. एक लेंथ वीस फुटी आणि मोटर पाच एचपी. म्हणजे एका वाक्यात इंच, किलो, फूट आणि हॉर्सपॉवर, आणि छापलेलं मिलीमीटरमध्ये. ज्याचं आयुष्य रानात गेलं त्याला यात काहीच अवघड वाटत नाही, पण गणित बरोबर करून माणूस चुकतो अशी व्यवस्था मला पटत नाही. टेम्पोचं भाडं दोनदा गेलं ते वेगळंच.

तेव्हापासून मला ही मापं सगळीकडं दिसायला लागलीत. माझ्या स्कूटरच्या मागच्या टायरवर ९०/१००-१० लिहिलंय. ९० म्हणजे रुंदी, मिलीमीटरमध्ये. १०० म्हणजे टक्के, टायरची उंची रुंदीच्या शंभर टक्के. आणि १० म्हणजे रिम, ते इंचात! एकाच ओळीत तीन आकडे, तिघांची तीन गावं. ताप फॅरनहाइटमध्ये आणि ऊन सेल्सिअसमध्ये, याची तर आपल्याला इतकी सवय झालीय की कुणी ३९ ताप म्हणलं तर आपण घाबरणारच नाही.

सातबाऱ्यावर जमीन हेक्टर आणि आरमध्ये असते, पण बोलताना सगळे गुंठाच बोलतात. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १०७६ चौरस फूट. इतके जवळ आहेत की आमच्याकडं दोन्ही एकच धरतात आणि रानात ते चालूनही जातं, ४० गुंठ्यांच्या एकराला फरक अर्ध्या गुंठ्याच्या आतच पडतो. शहरात प्लॉट घेताना मात्र तेवढ्यात एक बाथरूम बसतं, तेव्हा कागदावर काय लिहिलंय ते बघाच.

हे सगळं मी एवढं मनावर का घेतलंय तर पावसाळ्यामुळं. सांगलीत जुलै ऑगस्टमध्ये सकाळी उठल्यावर मोबाईलवर काय काय येतं बघा. महाबळेश्वर आणि नवजाचा पाऊस मिलीमीटरमध्ये. कोयना धरणाचा साठा टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटात. विसर्ग, म्हणजे धरणातनं सोडलेलं पाणी, क्युसेकमध्ये, सेकंदाला इतके घनफूट. खाली कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये, ते भरतं ५१९.६० ला. कोयनेचे दरवाजे किती उघडले ते फुटात, आणि सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती तेही फुटात. शेजारच्या काकूंनी मला एकदा खरंच काळजीनं विचारलं, "दरवाजे चार फुटानं उघडलेत म्हणे, मग आपल्याकडं पण चार फूट वाढणार का गं?" त्यांचं काय चुकलं? फूट दोन्हीकडं फूटच लिहिलेलं.

मी मग बसून एक हिशोब पक्का केला आणि गल्लीत सगळ्यांना सांगितला. साडेअकरा हजार क्युसेक पाणी दिवसरात्र वाहिलं की एक टीएमसी होतं. कोयना भरते १०५ टीएमसीला. समजा ९० झालंय आणि वरनं ५० हजार क्युसेक येतंय, तर दिवसाला चार टीएमसीच्या वर वाढणार, म्हणजे सोडलं नाही तर साडेतीन दिवसात भरलं. ही दोन मापं अशी एकमेकांना जोडून दिली तर कुणालाही कळतं, पण जोडून देत नाही कुणी, वेगवेगळी येतात आणि माणूस नुसता धसका घेतो.

आयर्विनच्या फुटाचं तसं नाही. पूल १९२९ चा, तिथं ४० ला इशारा आणि ४५ ला धोका, आणि प्रत्येक गल्लीला स्वतःचा आकडा पाठ असतो. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरवाल्यांचा आमच्या कितीतरी आधी येतो. २००५ ला ५३ च्या पुढं गेलं, २०१९ ला ५७ च्या वर, २०२१ ला परत ५४ च्या पुढं, हे आकडे इथल्या लहान पोरांनाही माहिती. पाण्याचा विसर्ग सांगताना त्यासोबत, यानं आयर्विनला साधारण किती फूट होईल आणि कधी, एवढं एक वाक्य दरवेळी आलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. कधी कधी येतं, तेव्हा अख्खी गल्ली शांतपणे कामाला लागते, मी बघितलंय.

आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं अप्पांनी २०१९ नंतर पेन्सिलनं लिहून ठेवलंय. ३८ गाडी चढावर. ४१ गहू, कागदपत्रं माळ्यावर. ४३ गॅस बंद, फ्रीज टेबलावर. ४४ आईला मिरजेला सोडणे. ४४ च्या खाली दोनदा रेघ ओढलीय.