फाटका आवाज

मे महिना, दुपारचे अडीच. कूलरसमोर आडवा झालो होतो. डोळा लागणार तेवढ्यात गल्लीत भंगारवाला शिरला. हल्ली तो स्वतः ओरडत नाही, ठेल्याला स्पीकर बांधलेला असतो. 'पुराना कूलर, पुराना फ्रिज, टूटा-फूटा सामान...' याचा स्पीकर फाटलेला होता. 'पुराना'पर्यंत ठीक, पण 'कूलर'च्या 'कू'वर आवाज असा चिरत जायचा, जसं पानठेल्यावर कोणी पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटतोय. आणि काय सांगू, कानाला बरं वाटलं.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी बाबांनी हप्त्यानं घेतलेला रेडिओ-कॅसेटचा टू-इन-वन होता. त्याची पुढची जाळी निखळली होती. आत काळा कागदी कोन आणि मधोमध गुळगुळीत फुगा. तो फुगा अंगठ्यानं दाबायचा मोह ज्याला झाला नाही त्यानं बालपण काय घालवलं देव जाणे. मी दाबला. खळगा पडला. तो बाहेर काढायला पेन्सिल घातली, तर ती कोनातून आरपार.

'काय करून ठेवलं बे हे?' एवढंच बाबा म्हणाले. सीताबर्डीवरच्या मेकॅनिकनं नव्या कोनाचे पैसे सांगितले. बाबा म्हणाले, 'चिकटवून द्या.' त्यानं पेपरचा तुकडा लावून दिला. पुढे कित्येक वर्षं भीमसेनजींची तान वर चढली की स्पीकर गुरगुरायचा. बाबांना ती जागा अचूक ठाऊक. तान यायच्या जरा आधी उठायचे, बटण कमी करायचे, तान उतरली की वाढवून पुन्हा खुर्चीत. म्हणजे आमच्या घरात त्या अभंगांचा सगळ्यात सुंदर भाग कायम हळू आवाजात ऐकला गेला.

अशा घरातून मी कॉलेजात गेलो. मित्राच्या होस्टेलच्या खोलीत त्यानं एक कॅसेट लावली, मी दोन मिनिटं ऐकली आणि काळजीनं म्हणालो, 'अबे, स्पीकर फाटला ना तुझा.' खोलीतली चार पोरं हसून हसून पलंगावर लोळली. मग त्यानं समजावलं, स्पीकर ठणठणीत आहे, गिटारच तशी आहे. मुद्दाम. मुद्दाम? माझा विश्वास बसेना. आमच्याकडे ज्याच्यावर बाबा रोज उठबस करायचे, ते कोणी मुद्दाम करतं?

नंतर कळत गेलं की सगळी कहाणीच फाटण्याची. 1951 साली आईक टर्नर या अमेरिकन वादकाची मंडळी रेकॉर्डिंगसाठी मेम्फिसला निघाली आणि वाटेत गिटारचा ॲम्प्लिफायर बिघडला. कोणी म्हणतं गाडीवरून पडला, कोणी म्हणतं पावसात भिजला. स्टुडिओवाल्या सॅम फिलिप्सनं कोनात कागद कोंबला आणि म्हणाला, चालू द्या. ते गाणं म्हणजे 'रॉकेट 88'. पुष्कळ जण रॉक अँड रोलचं जावळ तिथेच काढतात. ऐकताना मला मात्र सीताबर्डीचा मेकॅनिक आठवतो. कागद तोच, त्याचं नाव कोणी घेत नाही.

1958 साली लिंक रे या गिटारवाल्या गृहस्थानं 'रम्बल' वाजवताना ॲम्प्लिफायरच्या स्पीकरला भोकं पाडली. कशानं? पेन्सिलीनं! हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या. त्या गाण्यात एक शब्द नाही, तरी काही रेडिओ केंद्रांनी ते लावायचं नाकारलं, पोरं मारामाऱ्या करतील म्हणून. 1964 मध्ये लंडनच्या किंक्स बँडमधल्या डेव्ह डेव्हिसनं, वय वर्षं सतरा, आपल्या छोट्या ॲम्प्लिफायरचा कोन दाढीच्या ब्लेडनं चिरला. सतरा वर्षांच्या पोराला ब्लेडचा दुसरा उपयोग तरी काय असणार म्हणा. पुढे हे फाटलेपण डबीत भरून बाजारात आलं. पायानं दाबली की आवाज फाटतो. 1965 मध्ये कीथ रिचर्ड्सनं रोलिंग स्टोन्स बँडच्या 'सॅटिस्फॅक्शन' गाण्यात ती वापरली. त्याच्या मनात तिथे नंतर तुताऱ्यांसारखी वाद्यं घालायची होती, पण रेकॉर्ड तशीच निघाली, आणि जगभर वाजली. आता माझ्या भाच्याच्या मोबाइलमध्ये फाटण्याचे बारा प्रकार आहेत. तो निवडत बसतो, आपण साड्या निवडतो तसा.

बाबांना हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, 'मग मी उगाचच उठत होतो काय?' आणि या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता तर विचारणारेही नाहीत.

टू-इन-वन अजून माळ्यावर आहे. त्या दुपारी उगाच हुक्की आली, काढला, फडक्यानं पुसला आणि फाटकापाशी नेला. भंगारवाल्यानं उलटा-सुलटा केला, समोरून बोट घालून कोन चाचपला. 'ये तो कागज है साब, इसका कुछ नहीं. चुंबक का बीस दूंगा.'

तीस म्हणालो. तो पंचवीसवर आला. तेवढ्यात घरात कूलरचा पंप कोरडाच घरघरायला लागला, टाकीतलं पाणी संपलं होतं. पाइप लावायला मी आत पळालो. परत आलो तर 'पुराना कूलर' कोपऱ्यावरून ऐकू येत होतं आणि टू-इन-वन फाटकाच्या खांबावर तसाच ठेवलेला होता.